बंद पडलेले शिवणयंत्र पुन्हा चालते कसे?

पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली एक काळे, जड शिवणयंत्र पडून असते. त्याच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी असते आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा किंवा पट्ट्याचे चाक असते. ते चाक फिरवू पाहावे तर हलत नाही. मग घरातले कोणी तरी म्हणते, “गंजून गेले ते. भंगारात द्या.” भंगारवाला येतो, तराजूत घालून यंत्र तोलतो आणि बिडाच्या भावाने घेऊन जातो. त्याच्याकडे गेलेले यंत्र हातोड्याखाली फुटते आणि भट्टीत वितळते. तेथून ते परत येत नाही.

पण असे यंत्र बहुतेक वेळा मेलेले नसतेच! ज्याला आपण गंज म्हणतो तो कित्येकदा गंजही नसतो. थोडे रॉकेल, थोडे योग्य तेल आणि चार-सहा दिवसांचा धीर एवढ्यावर साठ, ऐंशी, कधी कधी शंभर वर्षांचे यंत्र पुन्हा शिवू लागते. जगात अनेक ठिकाणी अशी यंत्रे शोधून काढणारे आणि दुरुस्त करणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यातील कित्येक जण ती काचेच्या कपाटात ठेवत नाहीत. ते त्यांच्यावर तुकडे जोडून गोधड्या शिवतात. अमेरिकेत आणि युरोपात या गोधड्यांना ‘क्विल्ट’ म्हणतात.

इतके जुने यंत्र पुन्हा चालू शकते याचे कारण काय? पोलाद आणि बीड टिकाऊ असते हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे, की हे यंत्र आपले सारे काम उघड्यावर करते. त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि स्क्रूने सुटा होतो. टाका कसा पडतो हे एकदा समजले, की यंत्र कोठे अडले आहे तेही समजते. म्हणून आपण आधी टाका समजावून घेऊ आणि मग दुरुस्तीकडे वळू.

फास पडतो कसा?

हाताने शिवताना आपण अख्खी सुई कापडातून आरपार काढतो. त्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. यंत्राची सुई मात्र वरून दांड्यात घट्ट बसवलेली असते. ती कापडाच्या पलीकडे निघून जाऊ शकत नाही. जशी खाली जाते तशीच वर येते. मग टाका पडावा कसा? यासाठी दोन युक्त्या केलेल्या आहेत. पहिली म्हणजे नेढे सुईच्या अणकुचीदार टोकाजवळ आणले आहे, आणि दुसरी म्हणजे कापडाखाली एक वेगळा दोरा ठेवला आहे.

यंत्राची सुई हातात घेऊन भिंगातून पाहा. तिच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण दिसेल. दुसऱ्या बाजूला तशी लांब खोबण नसते. सुई कापडात शिरली की खोबणीच्या बाजूचा दोरा त्या खोबणीत मोकळा राहतो. पलीकडच्या बाजूचा दोरा मात्र सुई आणि कापड यांच्यामध्ये चिमटला जातो. सुई तळाला पोहोचून दोन-अडीच मिलिमीटर वर सरकली की काय होईल? खोबणीतील दोरा तिच्याबरोबर वर जातो. चिमटलेल्या दोऱ्याला मात्र घर्षण वर जाऊ देत नाही. त्यामुळे तो बाहेरच्या बाजूला फुगतो आणि एक लहानसा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालच्या आकड्याचे टोक येऊन त्या फासात शिरते.

पुढची गंमत याहून मोठी आहे. आकडा तो फास ओढून मोठा करतो आणि खालच्या दोऱ्याच्या बॉबिनला संपूर्ण वेढा घालून पलीकडे उतरवतो. बॉबिन जर यंत्राला कोठेही खिळ्याने किंवा दांड्याने जोडलेली असती, तर दोरा तेथेच अडकला असता. म्हणून बॉबिन आणि तिची डबी, जिला शिंपी बॉबिन केस म्हणतात, एका खाचेत नुसती सैल ठेवलेली असते. ती स्वतः गरगर फिरणार नाही एवढाच तिला अटकाव असतो. तिच्याभोवती सगळीकडे दोरा निसटेल इतकी फट असते. शिवणयंत्रातील सर्वांत सुंदर कल्पना हीच आहे, असे म्हटले तरी चालेल.

फास निसटला की वरचा दांडा झटकन उचलला जाऊन दोरा ओढून घेतो. वरच्या दोऱ्याला ताण देण्यासाठी दोन चकत्या असतात. खालच्या दोऱ्याला बॉबिन केसवरची लहान पट्टी ताण देते. दोन्ही ताण बरोबरीचे असले, तर दोऱ्यांची अढी कापडाच्या जाडीच्या मधोमध बसते आणि दोन्हीकडे सारखाच टाका दिसतो. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले की रुमाल मध्यरेषेवर राहतो, तसेच हे आहे. या टाक्याला लॉकस्टिच म्हणतात. याचा दोरा एका जागी तुटला तरी सगळी शिवण सहसा उसवत नाही. धान्याच्या किंवा सिमेंटच्या पोत्याचे तोंड ज्या साखळीटाक्याने शिवतात तो वेगळा. त्याचे योग्य टोक ओढले की सर्रकन सारी शिवण सुटते.

हा टाका सापडण्याची गोष्ट

हे सारे एकाच माणसाला सुचले नाही. इंग्लंडमध्ये १७९० साली टॉमस सेंट याने चामडे शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिये या शिंप्याने १८३० साली साखळीटाका घालणाऱ्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये त्याची सुमारे ८० यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. आपली रोजी बुडणार या भीतीने शिंप्यांचा जमाव १८३१ साली कारखान्यात घुसला आणि त्याने यंत्रे मोडून टाकली. शोधक आणि शिंपी, दोघांनाही पोटाचीच काळजी होती. तिमोनिये १८५७ मध्ये गरिबीतच वारला.

अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३० नंतरच्या काही वर्षांत टोकाशी नेढे असलेली सुई आणि दुसऱ्या दोऱ्याचे धोटे एकत्र आणले, पण पेटंट घेतले नाही. पुढे एलायस हौ याने स्वतंत्रपणे लॉकस्टिचचे यंत्र तयार केले. त्याला १० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळाले. त्याच्या यंत्रात कापड उभे टांगावे लागे. पट्टीच्या लांबीइतके शिवून झाले की थांबून ते पुन्हा लावावे लागे. आयझॅक सिंगर याने १८५१ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात सुई उभी वर-खाली जाणारी, कापड आडव्या पाटावर आणि ते दाबून धरणारे ‘फूट’ अशी मांडणी केली. आता हवी तितकी लांब आणि वळणाची शिवणही घालता येऊ लागली. ॲलन विल्सन याने कापड पुढे सरकवणारे दाते १८५४ साली दिले. हे दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बसतात आणि मागे परततात. चार हालचालींचा हा खेळ आजच्या यंत्रांतही तसाच चालू आहे.

आता अडचण अशी झाली, की चांगले यंत्र बनवायला सर्वांच्याच कल्पना हव्या होत्या, आणि प्रत्येक कल्पनेचा मालक वेगळा होता. खटल्यांवर खटले झाले. शेवटी १८५६ साली प्रमुख पेटंटधारकांनी आपली पेटंटे एकत्र केली आणि इतर कारखानदारांकडून ठरावीक शुल्क घेऊन ती वापरू दिली. त्याच सुमारास सिंगर कंपनीने हप्त्याने यंत्रे विकायला सुरुवात केली. त्यामुळे एकरकमी पैसे न देऊ शकणाऱ्या घरांतही यंत्र पोहोचले. पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे लागतात, असा हिशेब त्या काळी प्रसिद्ध झाला होता. एकेका कपड्यामागे स्त्रियांचे किती तास वाचले असतील याची कल्पना यावरून येते.

हिंदुस्थानातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही यंत्रे शिंप्यांच्या दुकानांत दिसू लागली. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र बाजारात आणले. यंत्रांच्या हव्यासावर कडक टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीसुद्धा १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते. माणसाला बेकार न करता त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र म्हणून ते त्यांना मान्य होते.

तेलाचेच वार्निश होते तेव्हा

आता माळ्यावरच्या यंत्राकडे वळू. त्याचे चाक का फिरत नाही?

भिंतीला किंवा दाराला लावण्याच्या तैलरंगात जवसाचे तेल वापरतात हे तुम्हाला ठाऊक असेल. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घेते. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे होऊन कठीण पापुद्रा बनतो. ज्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध पुष्कळ, त्या तेलाचा असा पापुद्रा लवकर होतो. आपल्या स्वयंपाकघरातील करडईचे तेलही थोडेफार याच जातीचे आहे. घरात मशीनचे तेल नाही म्हणून कोणी खाण्याचे तेल यंत्राच्या भोकांत घातले, की त्या वेळी चाक हलके फिरते, आणि काही वर्षांनी तेच तेल चिकट डिंक होऊन बसते. खोबरेल तर सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. थंडीच्या सकाळी बाटलीत काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल.

शिवणयंत्राचे खास तेल पातळ आणि स्वच्छ असते. ते खनिज तेलापासून बनवतात. त्याच्या रेणूंत दुहेरी बंध जवळजवळ नसतात, म्हणून त्याचा डिंक सहज होत नाही. पण दशकानुदशके यंत्र पडून राहिले, तर तेही हळूहळू घट्ट होते. त्यात कापडाचा कोंडा आणि धूळ मिसळून पिवळट तपकिरी थर तयार होतो. हा थर सांध्यात बसला, की चाक अडते. लोकांना तो गंज वाटतो, पण ते असते वार्निश!

वार्निश आणि गंज यांतील फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. तो तांबूस, खरखरीत असतो, बोटाला पूड लागते आणि त्याने धातू खाल्लेला असतो. वार्निश चकचकीत, तपकिरी असते. त्याने धातूचे काहीच बिघडवलेले नसते. उलट पुष्कळदा त्याच्याखालचा धातू आरशासारखा शाबूत निघतो, कारण त्या थराने हवा आणि ओल दूर ठेवलेली असते. जे यंत्राला अडवत होते तेच त्याला जपतही होते!

धीराने करायची दुरुस्ती

जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचा पहिला नियम असा: जोर लावू नका. बीड हा धातू कठीण असतो, पण ठिसूळही असतो. अडलेले चाक पान्याने किंवा हातोडीने फिरवायला गेले, तर अडलेला भाग सुटत नाही. दुसराच एखादा भाग तुटतो. तुटलेले बीड घरी जोडता येत नाही.

दुसरा नियम असा: उघडण्याआधी पाहा आणि टिपून ठेवा. प्रत्येक स्क्रू कोठून निघाला त्याचे चित्र वहीत काढावे. स्क्रू एका वाटीत एकत्र न टाकता कागदावर त्या त्या जागी मांडावेत.

त्यानंतर सुईखालची पट्टी काढून दात्यांतील आणि आकड्याभोवतालचा कोंडा मऊ कुंचल्याने काढतात. तेथे कधी कधी नमद्यासारखा घट्ट थर निघतो. त्यातच तुटलेल्या दोऱ्याचा गुंता सापडला, तर अर्धा रोग तेथेच संपतो. मग प्रत्येक तेलाच्या भोकात आणि जेथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक सांध्यात रॉकेलचा एकेक थेंब सोडतात. रॉकेल पातळ असते. केशाकर्षणाने ते अरुंद फटीत शिरते आणि डिंक मऊ करते. यंत्र रात्रभर तसेच ठेवतात. दुसऱ्या दिवशी चाक हलकेच मागे-पुढे डोलवून पाहतात. केसभर हलले तरी पुरे! पुन्हा थेंब, पुन्हा वाट. एखाद्या दिवशी ते पाव फेरा फिरते, मग अर्धा आणि मग एकदम पूर्ण. मळलेले रॉकेल फडक्याने पुसून काढून शेवटी मशीनचे तेल घालायला विसरायचे नाही, कारण रॉकेल मळ काढते पण वंगणाचे काम नीट करत नाही. हे काम मोठ्या माणसांच्या देखत, उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे.

बाहेरचा काळा रंग मात्र रॉकेलने किंवा स्पिरिटने पुसू नये. जुन्या यंत्रांवरील सोनेरी नक्षी जपण्यासाठी तिच्यावर बहुधा शेलॅकचा, म्हणजे लाखेचा पारदर्शक हात दिलेला असे. आपल्याच देशातील पळस, कुसुंब, बोर या झाडांवर राहणारे लाखेचे किडे ही लाख तयार करतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला, की मळाबरोबर लाखेचा थरही जातो आणि नक्षी खरवडली जाते. जाणकार लोक मशीनच्याच तेलात कापूस भिजवून हलक्या हाताने मळ काढतात.

चाक फिरते पण सुई हलत नाही, असेही होते. अशा वेळी चाकाच्या मध्यभागी असलेली गोल मूठ तपासावी. बॉबिन भरताना सुई थांबावी म्हणून ती सैल करतात, आणि पुष्कळदा ती तशीच राहून जाते. तिच्या आत तीन कान असलेली एक चकती असते. ती उलटी बसली, तरी मूठ घट्ट होत नाही. सुई हलते पण टाका पडत नाही, याचे नेहमीचे कारण म्हणजे सुई उलटी बसवलेली असणे. आता तुम्हाला खोबणीचे कोडे ठाऊक आहे. फास खोबणीच्या विरुद्ध बाजूला फुगतो, म्हणून ती बाजू आकड्याकडे हवी आणि दोरा लांब खोबणीच्या बाजूने ओवायला हवा. सुई उलटी असेल, तर फास भलत्याच बाजूला पडतो आणि आकडा रिकामाच फिरतो.

एक इशारा: विजेची मोटर असलेल्या जुन्या यंत्राचा प्लग स्वतः कधीही लावू नका. जुन्या वायरींवरचे रबर कडक होऊन गळून पडलेले असते आणि तांब्याची तार उघडी असते. ते काम वीजतंत्र्याचेच आहे.

जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे

यंत्र चालू झाले, की त्याचे वय जाणून घ्यावेसे वाटते. सिंगरच्या यंत्राच्या पाटावर एक क्रमांक कोरलेला असतो. विसाव्या शतकातील यंत्रांवर क्रमांकाआधी एक किंवा दोन अक्षरे असतात. त्यांवरून कारखाना आणि साल शोधता येते. उदाहरणार्थ, ‘एफ’ या अक्षराने सुरू होणारे यंत्र स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातील असते. हा प्रचंड कारखाना १८८० च्या दशकात उभा राहिला. १९१३ साली तेथून १३ लाखांच्या आसपास यंत्रे बाहेर पडली. १९८० साली तो बंद झाला. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव मात्र अजूनही ‘सिंगर’ असेच आहे.

एकाच वर्षी इतकी यंत्रे! मग घरातले सिंगर शंभर वर्षांचे असले, तरी ते दुर्मिळ असेलच असे नाही. दुर्मिळपणा वयावर ठरत नाही. किती बनली आणि किती उरली यावर ठरतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत हौ आणि सिंगर यांनी पेटंटसाठी दिलेले मूळ नमुने आहेत. असे नमुने म्हणजे पुरावे असतात. त्यांना नवा रंग देणे म्हणजे जुने हस्तलिखित पुन्हा गिरवण्यासारखे होईल. घरगुती यंत्राचे तसे नाही. ते चालवावे, यातच त्याचा मान आहे.

किमतीच्या बाबतीत भोळेपणा किती महागात पडतो याचे एक उदाहरण सांगतो. २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली, की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचा अद्भुत पदार्थ असतो. यंत्रांच्या किमती भरमसाट वाढल्या. एकेका यंत्राला दोन लाख रियालपर्यंत मागणी झाल्याच्या बातम्या आल्या. लोक पारा ओळखण्यासाठी सुईजवळ मोबाइल फोन धरून पाहू लागले! वास्तविक असा पदार्थ यंत्रात नसतो आणि असण्याचे काही कारणही नाही. ज्याने एकदा तरी यंत्र उघडून पाहिले आहे, त्याला कोणी असे फसवू शकणार नाही.

संग्राहकाला खरी अडचण येते ती सुईची. फार जुन्या यंत्रांत होडीच्या आकाराचे लांब धोटे असते आणि त्यांच्या सुयाही वेगळ्या असतात. त्या आता सहज मिळत नाहीत. याउलट सिंगरच्या ‘१५’ या जातीचे पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी तिच्या असंख्य नकला काढल्या. या जातीला लागणारी सुई आजच्या साध्या घरगुती यंत्रालाही चालते आणि कोणत्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मिळते. यंत्र जिवंत राहायचे तर सुईसारखी चार पैशांची वस्तूही बाजारात टिकावी लागते.

गोधडीची कसोटी

जुन्या यंत्राची खरी परीक्षा होते ती तुकड्यांची गोधडी शिवताना. आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून हाताने घातलेला धावदोरा. पाश्चात्य क्विल्टमध्ये तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खाली अस्तर. वरची नक्षी म्हणजे भूमितीच असते. चौकोन, त्रिकोण, षट्कोन एकमेकांना बिनचूक भिडावे लागतात.

समजा, एका ओळीत १२ चौकोन जोडायचे आहेत. जोड होतील ११. प्रत्येक जोडात कडेपासून ठरल्यापेक्षा फक्त १ मिलिमीटर आत शिवण पडली, तर दोन्ही तुकड्यांतून मिळून २ मिलिमीटर कमी होतात. एकूण २२ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरांच्या जवळपास! शेजारची ओळ बरोबर शिवलेली असेल, तर दोन्हींचे कोपरे जुळणार नाहीत.

म्हणून सरळ, एकसारखी शिवण हवी. आणि येथे जुने यंत्र पुष्कळदा सरस ठरते. त्याला फक्त सरळ शिवता येते, म्हणून सुईखालच्या पट्टीत एकच लहान गोल भोक असते. नागमोडी टाके घालणाऱ्या यंत्राच्या पट्टीत सुई डावी-उजवीकडे जाण्यासाठी लांबट फट असते. त्रिकोणाचे निमुळते टोक अशा फटीत ओढले जाऊन चुरगळते. लहान भोकात ते शिरत नाही. ज्याला आपण यंत्राची उणीव म्हणू, तीच येथे गुण ठरते.

सिंगरचे ‘२२१’ हे छोटे यंत्र याच कारणाने क्विल्ट शिवणाऱ्यांचे लाडके आहे. ते १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास बाजारात आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनत होते. त्याचे अंग बिडाऐवजी ॲल्युमिनिअमचे असल्यामुळे ते जेमतेम ५ किलोग्रॅम भरते आणि पेटीत घालून सहज नेता येते. अमेरिकेतील आमिश पंथाचे लोक तर आपल्या घरात बाहेरून आणलेली वीज घेत नाहीत. त्यांच्या स्त्रिया कित्येकदा पायाने चालवायच्या यंत्रावर तुकडे जोडतात आणि थर एकत्र टाचण्याचे काम हाताने करतात. ब्रिटनमधील काही सेवाभावी संस्था दान मिळालेली हातयंत्रे दुरुस्त करून आफ्रिकेत पाठवतात. वीज नसलेल्या गावात असे एक यंत्र म्हणजे एका माणसाची रोजी असते.

करून पाहा

१. चालू यंत्रात वर लाल आणि खाली पांढरा दोरा घाला. वरचा ताण कमी-जास्त करून कापडाच्या चार पट्ट्या शिवा. पांढरा दोरा वर केव्हा डोकावतो आणि लाल दोरा खाली केव्हा दिसतो ते वहीत लिहा.

२. पायाच्या यंत्राच्या मोठ्या आणि लहान चाकाचा घेर दोरीने मोजा. मोठ्याचा घेर ९६ आणि लहानाचा २४ सेंटिमीटर आला, तर मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात किती टाके पडतील? चाकाच्या एका फेऱ्याला एक टाका हे लक्षात ठेवा. नंतर खडूने खूण करून पडताळा घ्या.

३. सुई तळाला नेऊन चाक बोटाने अगदी सावकाश फिरवा. खालची सरकपट्टी उघडून फास फुगताना आणि आकडा त्यात शिरताना पाहा.

४. दोन काचपट्ट्यांवर करडईच्या आणि मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. त्या झाकून, पण हवा लागेल अशा ठेवा. दर आठवड्याला बोटाने तपासा आणि दोन महिन्यांनी तुलना करा.

हे करताना काही अडले, तर गल्लीतील शिंपीकाकांना किंवा शिवणकाम करणाऱ्या मावशींना विचारा. ताण किती ठेवावा आणि पट्टा किती ओढावा हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून ते दोष ओळखतात. ही विद्या पुस्तकांत फारशी उतरलेली नाही, म्हणून ती यंत्राइतकीच जपायला हवी. आणि घरातले यंत्र भंगाराच्या तराजूत चढण्यापूर्वी मोठ्यांकडून आठ दिवसांची मुदत मागून घ्या. चाक खरोखरच गंजाने अडले आहे, की जुन्या तेलाने, एवढे तरी आधी पाहू या.